वरचा हॉल

अरविंद, तू सुटलास असं समजू नकोस.

तुला जाऊन अजून महिना झालेला नाही. मराठी मंडळाच्या स्मरणिकेत तुझ्यावरचा लेख मी लिहावा असं आधी ठरलं होतं, तुझा सगळ्यांत जवळचा मित्र म्हणून. टाउन हॉलमधल्या तुझ्या शोकसभेनंतर परत फोन आला. "रामटेकेसाहेब, लेखाचं आता राहू द्या, आम्ही दुसऱ्या कुणाकडून घेतो." मी ठीक आहे म्हणालो. मग म्हटलं, थेट तुलाच लिहावं. तुझ्याशी भांडायला मला मंडळाची परवानगी लागत नाही.

बाकीच्यांनी लिहिलेलं मी वाचलंय. दिलदार, हसतमुख, रसिक, हाताला कला असलेला. सगळं खरं आहे. तू नीच माणूस असतास तर माझं काम किती सोपं झालं असतं. तुला विसरून मोकळा झालो असतो आणि आज गराजमध्ये बसून गाडीचे विंटर टायर बदलत असतो.

आपली ओळख त्या टाउन हॉलच्या पायऱ्यांवरच झाली. नागपूरहून कॅनडात येऊन आम्हाला वर्षही झालं नव्हतं. मी केंब्रिजच्या गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटी इंजिनियर म्हणून लागलो होतो आणि सुट्टीच्या दिवशी बायकोला, सुजाताला, आणि आमच्या लेकीला, मित्राला, घेऊन उगाच आजूबाजूची गावं बघत फिरायचो. तू राहायचास ते गाव नदीकाठी. जून महिना होता. मित्रा तेव्हा चिमुरडी, गाडीत एकसारखी चुळबुळ करत होती. शेवटी रडवेली होऊन म्हणाली, "बाबा, खूप जोराची लागली." समोर एक दगडी इमारत दिसली, दार उघडं, पायऱ्यांवर आठ-दहा म्हातारे गोरे, आणि त्यांच्यासमोर निळा कोट घालून उभा असलेला एक देशी माणूस. तो माणूस खिडक्यांबद्दल काहीतरी सांगत होता. आमचं मराठी कानावर पडताच त्याने वाक्य अर्ध्यावर सोडलं.

"पोरीला आत ने. डावीकडचं दुसरं दार. आणि परत ये, पळून जाऊ नकोस."

ते सगळे म्हातारे हसले. त्यांना काही कळलं नव्हतं, तरी हसले. तुझ्या बोलण्यात तसं होतं.

मी परत आलो. गोरे गेल्यावर तू माझ्या एकट्यासाठी सगळं पहिल्यापासून मराठीत सांगितलंस. पुण्यात तू आर्किटेक्ट होतास, इथे जुन्या इमारतींची दुरुस्ती करणाऱ्या ऑफिसात कामाला होतास, आणि गावाच्या वारसा समितीवर होतास. हात धरून मला रस्त्याच्या पलीकडे नेलंस. "इथून बघ. जवळून बघायची इमारत नाही ही. मध्ये दार, दोन्ही बाजूंना दोन-दोन खिडक्या. वर ओळीत पाच. मधोमध घडी घातलीस तर एक बाजू दुसरीवर बसेल." दारावर काचेचा अर्धगोल पंखा, त्यावर त्रिकोणी माथा, छपरावर घंटेची छोटी घुमटी. पिवळसर चुनखडीचे चिरे, स्कॉटलंडहून आलेल्या गवंड्यांनी नदीकाठच्या खाणीतून काढून घडवलेले. कुठे नक्षी नाही, वेलबुट्टी नाही. "सगळं सौंदर्य मापात आहे," तू म्हणालास. "इंग्लंडात ओळीने चार जॉर्ज राजे झाले, त्यांच्या काळातली ही पद्धत, म्हणून जॉर्जियन. गंमत म्हणजे हा हॉल बांधला तेव्हा चौघेही मेलेले होते. तिकडे लंडनात फॅशन बदलली होती. इकडे रानात, बर्फात आलेले लोक मात्र तेच बांधत बसले. घरून आणलेली गोष्ट माणूस परमुलखात जास्त घट्ट धरून ठेवतो, प्रकाश."

हे वाक्य मी किती जणांना तुझ्या नावाने सांगितलं असेल!

मग तू वरच्या मजल्यावरची डावीकडून दुसरी खिडकी दाखवलीस. चौकट होती, कमान होती, काचा होत्या. "नीट बघ." नीट बघितल्यावर कळलं की काचा रंगवलेल्या आहेत. मागे धुराड्याची भिंत होती. तिथे खरी खिडकी काढताच येत नव्हती, पण बाहेरून समतोल बिघडू नये म्हणून खोटी बसवली होती. तू तिला आंधळी खिडकी म्हणायचास. तुझी ती सगळ्यांत लाडकी.

"हे तर खोटं झालं," मी म्हणालो.

"शिष्टाचार आहे तो. रस्त्यावरच्या माणसाला आतली अडचण कशाला दाखवायची?"

"आत बसणाऱ्याला अंधार, त्याचं काय?"

तू खो खो हसलास. "तुझं नाव काय म्हणालास? पूर्ण नाव?"

"प्रकाश रामटेके."

"रामटेके. नागपूर. अच्छा."

त्या 'अच्छा'कडे मी तेव्हा दुर्लक्ष केलं. अशा प्रत्येक 'अच्छा'चा हिशेब ठेवत बसलं तर माणसाने जगायचं कधी? शिवाय त्याच दिवशी तू आम्हाला घरी जेवायला नेलंस. नलिनीवहिनींनी वरणभात केला आणि मित्रा तुझ्या मांडीवर झोपून गेली.

नंतरच्या वर्षांत तू माझ्यासाठी काय काय केलंस ते मी शोकसभेतही सांगितलं आणि इथेही सांगतो, म्हणजे कुणी म्हणायला नको की रामटेके कृतघ्न. माझे वडील नागपुरात वारले तेव्हा माझी कागदपत्रं इमिग्रेशनमध्ये अडकली होती, मला जाता आलं नाही. तू ऑफिसला सुट्टी टाकून आलास. बेसमेंटमध्ये माझ्या शेजारी जमिनीवर बसून राहिलास, मी रडलो की पाणी दिलंस. संध्याकाळी उठून माझ्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल केलास आणि निघून गेलास. माझ्या सख्ख्या भावाने फोनवर जेवढे शब्द वापरले, त्याहून ते मोठं होतं.

आणि तो खिडक्यांचा उन्हाळा! समितीने टाउन हॉलच्या सगळ्या खिडक्या दुरुस्त करायला काढल्या. वर-खाली सरकणाऱ्या जुन्या लाकडी खिडक्या, बारा काचा वर, बारा खाली. तू मला स्वयंसेवक म्हणून ओढलंस. शनिवारी-रविवारी आपण दोघं मागच्या अंगणात सुताराच्या लाकडी घोड्यांवर चौकटी आडव्या ठेवून थरावर थर चढलेला रंग खरवडायचो. चौकटीच्या पोकळीत दोरीला लोखंडी वजनं लटकवलेली असतात, त्यांच्यामुळे खिडकी एका बोटाने वर जाते, हे तू मला दाखवलंस. फुंकून केलेल्या जुन्या काचेतून बघितलं की रस्ता पाण्यात पडल्यासारखा हलायचा. मित्रा तिथेच बसून तुझ्याकडून खिडकी काढायला शिकली. आधी मधली रेघ, मग दोन्हीकडे सारखं. आज ती आर्किटेक्चर शिकतेय ती तुझ्यामुळे, हे मी तिच्यासमोर नेहमी म्हणत आलो.

त्या अंगणातच आपलं भांडण सुरू झालं. मागच्या बाजूला एक बुटकं दार होतं. मी विचारलं, हे कशाला? तू सांगितलंस की खालच्या मजल्यावर पूर्वी बाजार भरायचा, मांसाचे गाळे होते, शेतकरी आणि खाटीक गाड्या घेऊन मागून यायचे. त्याच्याही खाली दोन कोठड्या होत्या, दारूडे आणि भणंग लोक डांबायला. आणि वर, मोठ्या दगडी जिन्याने चढून, सभेचा हॉल. तिथे नगरसभा, न्यायालय, प्रतिष्ठितांचे नाच.

"म्हणजे एकाच इमारतीत एक वर, एक खाली आणि एक त्याच्याही खाली," मी म्हणालो. "अरे, हे तर आपल्या ओळखीचं आहे!"

"झालं तुझं सुरू."

"दर उन्हाळ्यात तू टूर घेतोस. एकदा तरी मागच्या दाराने सुरुवात कर. कोठड्या दाखव लोकांना."

"लोक सुंदर काहीतरी बघायला येतात, प्रकाश. तू त्यांना गटार दाखवणार?"

दर वर्षी हेच. मला त्या भांडणाची मजा वाटायची. तुलाही वाटत असावी. भांडून झालं की तू थर्मासमधला चहा मला आधी ओतायचास.

मग ते वर्ष आलं. आमच्या लोकांची संख्या वाढली होती. केंब्रिज, किचनर, मिसिसागा, सगळीकडून कुटुंबं जमू लागली होती. चौदा एप्रिलची जयंती तोवर आम्ही कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये करायचो, मेणबत्त्या घर गरम करणाऱ्या फर्नेसच्या वाऱ्याने विझायच्या. यंदा चांगल्या जागी करू असं ठरलं आणि मी छाती पुढे काढून म्हणालो, टाउन हॉलचा वरचा हॉल घेतो. माझा मित्र समितीवर आहे.

तुला सांगितलं तेव्हा तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. "माझ्यावर सोड."

आठवड्याने तुझा फोन आला. "प्रकाश, वाईट बातमी आहे. तपासणीत वरच्या मजल्याच्या तुळया कमकुवत निघाल्यात. तुमची गर्दी मोठी, बायकापोरं असणार. रिस्क नको. खालचा हॉल मोकळा आहे, तो मी मिळवून दिलाय."

मी इंजिनियर आहे. त्याच तुळया, पाइनच्या अखंड, जाडजूड, तू मला हाताने थोपटून दाखवल्या होत्यास. ह्यांच्यावर हत्ती नाचव, म्हणाला होतास. तरी मी एक प्रश्न विचारला नाही. तू सांगितलंस म्हणजे झालं. उलट आमच्या लोकांना मीच समजावलं की मुलाबाळांच्या जिवाचा प्रश्न आहे.

आम्ही जयंती खाली केली. बुटकं छत, डोक्यावर गरम पाण्याचे पाइप, मधे मधे खांब, त्यामुळे मागच्यांना पुढचं दिसेना. गाडी लावायची सोय मागे होती म्हणून सगळे त्या बुटक्या दारानेच आत आले. नव्या निळ्या साड्या नेसलेल्या बायका वाकून आत आल्या. आमच्यातले कांबळेकाका, औरंगाबादला प्राध्यापक होते, मुलाकडे आले होते. त्यांनी छताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जागा चांगली आहे, प्रकाश. वर काय आहे?"

"वर काम चालू आहे, सर."

तू आला होतास. पहिल्या रांगेत बसलास, फुलं वाहिलीस, जय भीम म्हणालास. पोरांच्या भाषणांना सगळ्यांत जास्त टाळ्या तू वाजवल्यास.

एक मेला महाराष्ट्र दिन. मंडळाचा कार्यक्रम, तू अध्यक्ष, मला आग्रहाचं आमंत्रण. मी मागे गाडी लावली आणि सवयीने खालच्या दाराकडे गेलो. कुलूप होतं. आवाज वरून येत होता. पुढून वळसा घालून मी त्या मोठ्या दगडी जिन्याने वर चढलो.

अरविंद, वर लेझीम चालू होती. मुलं, मुली, त्यांच्या आया, सगळे मिळून पन्नासेक जण तालावर उड्या मारत होते. कडेने खुर्च्या भरलेल्या. उन्हात त्या चोवीस काचांच्या खिडक्या चमकत होत्या, ज्यांचा रंग मी नखं मोडून काढला होता. तू फेटा बांधून दाराशी उभा होतास.

"तुळया?" मी विचारलं.

तुझा चेहरा हलला नाही. "टेम्पररी टेकू लावलेत खालून. ये, बस, वहिनी कुठाय?"

मी खाली गेलो. आतल्या जिन्याने गेलो, दिवा लावला आणि मान वर करून पाहिलं. एक टेकू नव्हता. वर पन्नास जण नाचत होते आणि तुळई थरथरतसुद्धा नव्हती. मी वर आलो, तोवर येऊन बसलेल्या सुजाताच्या शेजारी बसलो, श्रीखंड-पुरी खाल्ली.

तरी मी तुला सवलत दिली. म्हटलं, असेल काही, समितीचा दबाव असेल. त्या उन्हाळ्यात एकदा आमच्यातल्या एका लग्नाच्या, मंगलपरिणयाच्या, कार्यक्रमासाठी चौकशी करायला मी हॉलच्या ऑफिसात गेलो. बुकिंग बघणारी मार्गरेट ओळखीची. मी म्हटलं, वरच्या मजल्याचं काम झालं का? ती गोंधळली. "कसलं काम? वरती काहीच काम नव्हतं." मग तिने सहज, अगदी सहज सांगितलं. अरविंदने तिला कळवलं होतं की आमचा ग्रुप सांस्कृतिक नाही, राजकीय आहे, झेंडे वगैरे असतात. आणि आमच्या लोकांना खालीच बरं वाटतं.

आमच्या लोकांना खालीच बरं वाटतं.

पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून मी ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं. इंग्रजीत म्हटलं, मराठीत म्हटलं. घरून आणलेली गोष्ट माणूस परमुलखात जास्त घट्ट धरून ठेवतो. तुझा निळा कोट, तुझी मापं, तुझा शिष्टाचार, आणि त्याच बॅगेत घडी घालून हेही आणलं होतंस तर!

मी तुला विचारलं नाही असं कुणी म्हणू नये. पुढच्याच आठवड्यात तुला एअरपोर्टवर सोडायला नेताना विचारलं. "अरविंद, जयंतीला वरचा हॉल का नाही मिळाला?"

"अरे, ते समितीचं ठरलं होतं."

"मार्गरेट तसं म्हणत नाही."

तू खिडकीबाहेर बघितलंस. "तू फार मनाला लावून घेतोस, प्रकाश. कार्यक्रम झाला ना छान?"

गाडी चालवत होतो. तुझी बॅग उतरवून दिली. तू मला मिठी मारलीस.

त्यानंतर आम्ही जयंती किचनरच्या एका शाळेच्या जिममध्ये करू लागलो. तू विचारलंस, इथे का नाही करत? मी म्हटलं, लांबच्यांना बरं पडतं. आणि मी वाट बघत राहिलो. मी विषय सोडणं वेगळं आणि तू खरं सांगणं वेगळं. एक वाक्य हवं होतं. माफी नको होती मला, नुसतं "हो, मी केलं." त्यावर आपण दोघं कडाक्याचे भांडलो असतो आणि मग तू थर्मास उघडला असतास.

ते वाक्य आलं नाही. आला तो तुझा आजार.

गेल्या वर्षभरात तुला केमोला बहुतेक वेळा मीच नेलं. रोहन तुझा मुलगा, तिकडे देशाच्या दुसऱ्या टोकाला, बर्नाबीत नोकरीला, त्याला सारखं येता यायचं नाही. वहिनींना हायवेवर गाडी चालवायची भीती. मी शिफ्ट बदलून घ्यायचो. लोक म्हणायचे, काय मैत्री आहे! होती मैत्री. पण मी काहीतरी ऐकायलाही येत होतो, अरविंद. हॉस्पिटलच्या त्या खुर्चीत तुझ्या शेजारी बसून, तुझ्या हातातली सुई बघत, मी दर खेपेला मनात म्हणायचो, आज बोलेल. तू टाउन हॉलच्या छपराच्या पन्हळींबद्दल बोलायचास.

शेवटच्या आठवड्यात तू म्हणालास, "शोकसभा वरच्या हॉलमध्ये घ्या. आणि तू बोल. तू चांगलं बोलतोस." तेव्हा मला राहवलं नाही. खोलीत आपण दोघंच होतो. मी खुर्ची जवळ ओढली.

"अरविंद, त्या वर्षी तू वरचा हॉल आम्हाला का दिला नाहीस?"

तू माझ्याकडे बघितलंस. डोळे पिवळे झाले होते तुझे.

"कोणतं वर्ष?" तू विचारलंस.

आपलं शेवटचं बोलणं ते. दोन दिवसांनी तू गेलास.

सभेला हॉल भरला होता. मंडळाचे झाडून सगळे, समितीचे गोरे, तुझ्या ऑफिसातले, आमच्यातलेही दहा-बारा, माझ्यासाठी आलेले. तुझा फोटो मधल्या खिडकीखाली. मी आधी तुझे सगळे उपकार सांगितले. वडिलांचं सांगताना मित्राने उठून मला पाणी दिलं. मग मी म्हणालो, अरविंदने मला इमारत बघायला शिकवलं, म्हणून ह्या इमारतीत त्याने काय केलं तेही सांगणं माझं काम आहे. आणि सांगितलं. एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत, म्हणजे कुणी सुटू नये. तुळया, लेझीम, टेकू, मार्गरेट. शेवटी म्हणालो, "ह्या मजल्यावर आपण सगळे आत्ता बसलोय. घाबरू नका, मजबूत आहे."

मग खुर्च्या सरकू लागल्या. मंडळाचे सेक्रेटरी देशमुख जिन्यात मला गाठून म्हणाले, "रामटेके, ही वेळ नव्हती हो."

"मग कोणती होती, सांगा. मी त्या वेळेला येतो."

ते कोट चढवू लागले.

मला बरं वाटलं, अरविंद. लपवत नाही. इतक्या वर्षांनी छातीवरचा दगड मी तुझ्या फोटोसमोर ठेवला आणि तुला तो उचलता येत नव्हता. मी बघत होतो, तुझा रोहन थेट मार्गरेटकडे गेला. ती आता रिटायर झाली आहे, काठी घेऊन आली होती. ती काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण ती होकाराने मान डोलावत होती. तो माझ्याकडे आला.

"काका, डॅड टोल्ड मी यू गाइज ऑलवेज प्रिफर्ड डाउनस्टेअर्स. मी लहान होतो तेव्हा विचारलं होतं त्याला. आय बिलीव्ह्ड हिम."

म्हणजे तू पुढच्या पिढीलाही ते पोचवून ठेवलं होतंस. नीट, मापात.

गाडीत मित्रा मागे बसली होती. किचनर आल्यावर म्हणाली, "बाबा, व्हाय डिड यू लेट हिम टीच मी?"

मी म्हणालो, "तो चांगलं शिकवायचा."

"दॅट्स नॉट ॲन आन्सर."

नव्हतंच.

खरं सांगू? सभेनंतर मी निवळत चाललो होतो. 'कोणतं वर्ष' हे मी मनात घोळवत होतो. वाटत होतं, इतकी औषधं, इतकी गुंगी, खरंच विसरला असेल. विसरणाऱ्यावर किती दिवस डूख धरणार? सुजाताही म्हणाली, बोललात ना, आता सोडा. मी सोडायच्या बेतात होतो.

मग नलिनीवहिनी आल्या. रोहनने दाराशी सोडलं, तो गाडीतच बसून राहिला. त्यांनी चहा नको म्हटलं, स्वेटरही काढला नाही.

"प्रकाशभाऊ, एकच विचारायचं होतं. तो गेल्यावरच का? जिवंत असताना का नाही विचारलंत त्याला?"

"दोनदा विचारलं, वहिनी. एकदा म्हणाला मनाला लावून घेतोस. आणि शेवटी हॉस्पिटलात म्हणाला, कोणतं वर्ष. विसरला असेल. मी आता तसंच धरून चाललोय."

त्यांनी स्वेटर सारखा केला. मला वाटलं, उठून जातील.

"विसरला नव्हता," त्या म्हणाल्या. "त्या महाराष्ट्र दिनाच्या रात्री फेटा सोडताना मला म्हणाला होता, प्रकाश खाली जाऊन छत बघून आला, आता त्याला कळलंय. मी म्हटलं, मग जाऊन सांगून टाक. म्हणाला, तो बोलणार नाही. त्याला माझी गरज आहे." त्यांनी डोळे पुसले. "दर वर्षी एप्रिल आला की अस्वस्थ व्हायचा. मी म्हणायची, फोन कर. करायचा नाही. मी तरी कुठे केला? तुम्हाला हे सांगायला नको होतं का मी? पण सभेत तुम्ही माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत, तेव्हापासून झोप लागत नाही."

मी त्यांना दारापर्यंत पोचवलं. त्यांच्यावर माझा राग नाही. त्या आल्या, बोलल्या. तुझ्या घरातून ते वाक्य शेवटी निघालं, फक्त ते म्हणणारा माणूस चुकीचा होता.

तर तुला सगळं ठाऊक होतं. मी खाली गेलो, मान वर करून पाहिलं, हेसुद्धा ठाऊक होतं. इतकी वर्षं तू मला चहा ओतत होतास आणि जाणत होतास. केमोच्या खुर्चीत मी कशाची वाट बघतोय हेही तुला कळत होतं. आणि मरणाच्या दारात, मी तोंडावर विचारलं तेव्हा, अंगात होती नव्हती तेवढी शक्ती गोळा करून तू विचारलंस, कोणतं वर्ष. म्हणजे जाता जाताही तू मला खालीच पाठवलंस.

परवा तुझ्या अस्थी नदीत सोडल्या. बर्फ वितळून पाणी चढलंय. वहिनींनी निरोप दिला होता, प्रकाशभाऊ हवेत. सुजाता आणि मित्रा गेल्या. मित्राने बूट घालताना माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघरात बसून राहिलो.

त्या सकाळी नदीवरून रोहनचा फोन आला. मागे वारा आणि पाण्याचा आवाज. "काका, वी आर हिअर. आई म्हणते तुम्ही आल्याशिवाय नको."

"थांबू नका," मी म्हणालो.

"आर यू शुअर?"

"हो. करून घ्या तुम्ही."

"ओके. वी विल वेट अ बिट एनीवे."

दोघी घरी आल्या तेव्हा दुपार टळून गेली होती. मित्राच्या बुटांना चिखल लागला होता. सुजाता सरळ वर गेली. मित्रा माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "दे वेटेड, बाबा. फॉर अ लाँग टाइम. सगळे गारठले होते. आजूबाजूला गाडीचा आवाज आला की काकू मागे वळून बघायच्या." मग तिने विचारलं, "डिड यू ईट?"

मी नाही म्हणालो. सकाळपासून काही गेलं नव्हतं. तिने माझ्यासाठी पोळी गरम करायला घेतली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

अरविंद, तुझ्यासारखी भाषा मला येत नाही, म्हणून साधं सांगतो. तुला हे नीट कळलं पाहिजे. गाडी दारात उभी होती. मला काम नव्हतं, बरं नव्हतं असंही नाही. रस्ता मला डोळे मिटून येतो. वहिनी थांबल्या होत्या, तुझा मुलगा थांबला होता, माझी मुलगी थांबली होती, आणि तूही तिथेच होतास, माझी वाट बघत.

मी आलो नाही.